झाडं तापली की जास्त कार्बन सोडतील का? पानांच्या श्वसनाबद्दल एका शिक्षिकेला उत्तर

एका माध्यमिक शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा: "तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग दुप्पट होतो, असं आम्ही शिकवतो. नववीतल्या एका मुलाने विचारलं, मग पृथ्वी तापत गेली की झाडंच जास्त कार्बन डायऑक्साइड सोडू लागतील ना? तसं असेल तर झाडं कशाला लावायची? मला नीट उत्तर देता आलं नाही. शिवाय हे वर्गात प्रयोगाने दाखवता येईल का?"

बाई, मुलाचा तर्क चोख आहे. त्याने वापरलेला नियमही खोटा नाही. फक्त तो नियम काही मिनिटांपुरता, फार तर काही तासांपुरता खरा आहे. पान सकाळी २० अंशांवर होतं आणि दुपारी ३० वर गेलं, तर श्वसन खरंच दुपटीच्या आसपास जातं. पण तेच झाड आठवडे, महिने, वर्षं गरम हवेत वाढलं, तर त्याची पानं आपला वेग बऱ्याच अंशी खाली आणतात. हा "बऱ्याच अंशी" म्हणजे नेमका किती, कुठल्या झाडात, कुठल्या हवामानात, हे शोधण्यात आमच्या क्षेत्रातल्या लोकांची गेली दोन-तीन दशकं गेली आहेत. मीही त्यातलाच एक, पानं चिमट्यात धरून बसणारा.

आधी आकड्यांचा अंदाज देतो, म्हणजे प्रश्न किती मोठा आहे ते कळेल. उन्हातलं, पूर्ण वाढलेलं पान भर सकाळी दर चौरस मीटरला दर सेकंदाला साधारण १० ते १५ मायक्रोमोल (मोल या रासायनिक मापाचा दहा लाखावा भाग) कार्बन डायऑक्साइड आत घेतं. तेच पान अंधारात २५ अंशांवर मोजलं तर १ मायक्रोमोलच्या आगेमागे बाहेर सोडतं. म्हणजे खर्च कमाईच्या दहाव्या हिश्श्याएवढा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण कमाई दिवसातले काहीच तास चालते आणि खर्च चोवीस तास. त्यात सावलीतली पानं, खोड, मुळं यांचा खर्च मिळवला, तर झाड जेवढा कार्बन कमावतं त्यातला जवळपास निम्मा स्वतःच्या श्वसनातच परत जातो. जगभरच्या जमिनीवरच्या वनस्पती मिळून वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कार्बन प्रकाशसंश्लेषणाने बांधतात आणि सुमारे ६० अब्ज टन स्वतःच्या श्वसनाने सोडतात. त्यातला निम्म्याच्या जवळपास वाटा पानांचा. माणूस कोळसा, तेल, वायू जाळून हवेत टाकतो तो कार्बन वर्षाला १० अब्ज टनांच्या आसपास. तेव्हा पानांच्या श्वसनात काही टक्क्यांचा फरक पडला तरी तो जागतिक हिशेबात दिसतो. नववीतल्या मुलाचा प्रश्न पोरकट नाही, तो हवामानाची प्रारूपं बनवणाऱ्यांचाही प्रश्न आहे.

इथेच पिंपळाचं निकालात काढू. रात्री झाडाखाली झोपू नये, झाड कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे वर्गात कुणीतरी म्हणणारच. पानांचं एकूण क्षेत्र १०० चौरस मीटर असलेलं मध्यम झाड घ्या, श्वसनाचा दर ०.७ मायक्रोमोल धरा. बारा तासांच्या रात्रीत ते सव्वाशे-दीडशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडेल. बाजूला आठ तास झोपलेला माणूस त्याहून थोडा जास्तच सोडतो. उघड्या अंगणात दोन्ही वाऱ्यावर विरून जातं. झाडाखाली न झोपण्याची कारणं असतील तर ती साप, फांद्या आणि पक्ष्यांची विष्ठा ही आहेत.

आता त्या "१० अंशांना दुप्पट" नियमाकडे येऊ. या पटीला क्यू-१० म्हणतात. पाठ्यपुस्तकात ती २ अशी ठोकून दिलेली असते, पण ती स्थिर नाही. २००१ मध्ये मार्क त्योल्कर आणि सहकाऱ्यांनी आर्क्टिकपासून उष्णकटिबंधापर्यंतच्या झाडांची मापनं एकत्र करून दाखवलं की तापमान चढत जातं तशी ही पट घसरत जाते. ५ अंशांच्या आसपास ती २.९ च्या जवळ असते, २० अंशांना २.२ आणि ३५ अंशांना १.६. कारण समजायला सोपं आहे. थंडीत विकरांचा, म्हणजे पेशीतल्या क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचा, वेगच अपुरा असतो, त्यामुळे जरा ऊब मिळाली की काम झपाट्याने वाढतं. गरमीत विकरं भरपूर वेगात असतात, पण जाळायला साखर किती आहे आणि तयार झालेली ऊर्जा पेशी किती खर्च करते आहे, या दोन गोष्टी लगाम धरतात. मेरी हेस्केल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये टुंड्रापासून वर्षावनापर्यंतच्या २३१ जातींवर तापमानाबरोबर श्वसन कसं चढतं याचा वक्र बारकाईने मोजला, तेव्हा वक्राचा आकार सगळीकडे जवळपास सारखाच निघाला. झाडाझाडांत फरक असतो तो वक्राच्या उंचीत. कुठल्याही एका ठरावीक तापमानाला एखादं पान मुळात किती श्वसन करतं, ती ही उंची. पुढचं सगळं उत्तर या उंचीभोवती फिरतं.

वक्राचं वरचं टोकही सांगून ठेवतो, कारण चंद्रपूर-नागपूरकडचे वाचक ते विचारतातच. पान तापवत नेलं तर पन्नाशीच्या पुढे कुठेतरी श्वसन एकदम उसळतं आणि मग कोसळतं, कारण तंतुकणिकांची, म्हणजे पेशीत जिथे श्वसन चालतं त्या भागांची, पटलंच फाटायला लागतात. हे कोसळण्याचं तापमान आर्क्टिकमधल्या वनस्पतींत ५१ अंशांच्या आसपास आणि उष्णकटिबंधातल्या सखल भागात ६० च्या आसपास मोजलं गेलं आहे. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा मात्र त्याच्या बरीच आधी, साधारण ४२ ते ५१ अंशांच्या पट्ट्यात बिघडू लागते. म्हणजे उष्णतेने पान मरतं तेव्हा आधी कमाई बंद पडते, खर्च त्यानंतर. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

हे मोजतात कसं, ते जरा सविस्तर सांगतो. या क्षेत्रातले अर्धे वाद मापनाच्या पद्धतीतून निघतात आणि बाहेरच्या माणसाला ते माहीत नसतं. पान एका छोट्या बंद कप्प्यात धरायचं, त्यावरून ठरावीक वेगाने हवा सोडायची आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांनी मोजायचा. नेहमीचा कप्पा ६ चौरस सेंटिमीटरचा असतो. भर उन्हात दोन्ही हवांतला फरक दहा लाखांत १४-१५ भाग येतो, तो यंत्र डोळे मिटून मोजतं. अंधारात श्वसन मोजताना तोच फरक जेमतेम १ भागावर येतो. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो ४ टक्के, म्हणजे दहा लाखांत ४०,००० भाग. कप्प्याची रबरी कड पानाच्या शिरेवर नीट बसली नाही आणि मोजणारा वाकून बघत असेल, तर तो झाडाचं नव्हे, स्वतःचंच श्वसन मोजतो. म्हणून आम्ही मोठे कप्पे वापरतो, हवेचा वेग कमी करतो, आणि नव्या मुलांना पहिला धडा देतो तो यंत्राकडे पाठ करून श्वास सोडण्याचा.

दुसरी अडचण प्रकाशाची. उजेडातून अंधारात नेल्यावर पान पहिली काही मिनिटं चंचल असतं, आकडा वर-खाली होतो. अर्धा तास तरी थांबावं लागतं. आणि उजेडात श्वसन अंधारापेक्षा कमी असतं. हे बेसेल कोक यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं, पण दिवसाचं श्वसन थेट मोजणं इतकं किचकट आहे की लोक रात्रीचा आकडा घेऊन, दिवसाच्या तापमानाने गुणून, पुढे जातात. मग दिवसाचं श्वसन फुगतं. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये कार्बनच्या समस्थानिकांवरून हिशेब केला, तेव्हा वनाचं दिवसाचं श्वसन नेहमीच्या पद्धतीने येणाऱ्या आकड्यापेक्षा बरंच कमी निघालं. हे २०१६ चं काम. शिवाय रात्र सरते तसं, तापमान अगदी स्थिर ठेवलं तरी, पानाचं श्वसन हळूहळू उतरतं. संध्याकाळी सात वाजता मोजलेला आकडा पहाटेच्या चारला लावता येत नाही. कुणी "अमुक झाड रात्रभरात इतकं ग्रॅम सोडतं" असं ठामपणे सांगत असेल, तर कधी मोजलं, हा पहिला प्रश्न विचारावा. माझा वरचा पिंपळाचा हिशेबही ढोबळ आहे, तो तेवढ्याच कामाला वापरा.

मूळ मुद्दा: उष्णता टिकून राहिली तर काय होतं? याचं मला सर्वांत पटणारं उत्तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून आलं. तिथे उत्तरेकडचं सूचिपर्णी वन आणि दक्षिणेकडचं पानझडी वन एकमेकांना भिडतं. पीटर रायश आणि सहकाऱ्यांनी क्लोके आणि ईली या दोन ठिकाणी उघड्या रानात, कुठलंही काचघर न बांधता, वरून अवरक्त दिवे आणि जमिनीत तापवणाऱ्या तारा लावून रोपांचे तुकडे आजूबाजूच्या हवेपेक्षा ३.४ अंशांनी गरम ठेवले. एक-दोन दिवस नव्हे, तर सलग काही वर्षं, रात्रंदिवस, वाढीच्या पूर्ण मोसमात. जाती दहा: मेपल, ओक, बर्च, पाइन, स्प्रूस, फर अशा. पाने जुळवून घेणार नसती, तर ३.४ अंशांना श्वसन सरासरी २३ टक्क्यांनी वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात वाढलं ५ टक्के. अपेक्षित वाढीतली ८० टक्के वाढ झाडांनी पचवली. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याआधी कुंड्यांतल्या रोपांवर, काही दिवसांच्या उष्णतेवर असे निष्कर्ष होतेच, पण खऱ्या जमिनीत, खऱ्या पावसात, इतक्या जातींवर ते टिकतील का, ही शंका रास्त होती. ती बरीचशी मिटली.

महागाई वाढली की घर पहिल्या महिन्यात जास्त खर्च करतं आणि मग हात आखडतं, तसं पानाचं होतं. फरक इतकाच की पान हात दोन पद्धतींनी आखडतं. ओवेन ॲटकिन आणि त्योल्कर यांनी २००३ मध्ये हे दोन प्रकार वेगळे करून मांडले. पहिल्यात, आधीपासून असलेलं पान काही दिवसांतच तापमानाला द्यायचा प्रतिसाद बोथट करतं. साखर कमी उरते, ऊर्जेची मागणी बदलते, आणि वक्राचा चढ सौम्य होतो. दुसऱ्यात, गरम हवेतच उमललेलं नवं पान मुळात कमी उंचीचा वक्र घेऊन येतं. त्याच्यात श्वसनाची विकरं कमी असतात, बऱ्याचदा नत्र आणि प्रथिनंही कमी. प्रथिनं कमी म्हणजे त्यांची रोजची डागडुजी कमी, आणि पूर्ण वाढलेल्या पानाचा श्वसनातला मोठा खर्च डागडुजीचाच असतो: मोडलेली प्रथिनं पुन्हा बांधणं, पटलांच्या दोन बाजूंचे क्षार आपापल्या जागी ठेवणं, साखर रसवाहिन्यांत चढवणं. म्हणूनच नवी पानं जुन्या पानांपेक्षा नव्या तापमानाला जास्त पुरेपूर जुळवून घेतात. बारमाही हिरव्या झाडावर मागच्या वर्षीची पानं असतील तर तिथे हे जुळवून घेणं अर्धवट दिसतं. अभ्यास वाचताना पानाचं वय पाहावं ते यासाठी.

हेच चित्र भूगोलातही दिसतं. १०० ठिकाणच्या ८९९ जातींची मापनं २०१५ मध्ये एकत्र मांडली गेली. वाढीच्या काळातलं सरासरी तापमान आर्क्टिकमध्ये ८ अंश, उष्णकटिबंधात २८. पाठ्यपुस्तकी नियमाने २० अंशांच्या फरकाला श्वसन चौपट व्हायला हवं. आपापल्या जागेच्या तापमानाला मोजलं तर ते भरलं फक्त दुप्पट. आणि सगळ्यांना २५ अंशांवर आणून मोजलं, तर आर्क्टिकच्या वनस्पती उष्णकटिबंधातल्यांपेक्षा तिप्पट श्वसन करत होत्या. थंडीतल्या झाडाची यंत्रणा मोठी, गरमीतल्या झाडाची आटोपशीर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उत्क्रांतीने घडलेलं हे, आणि मिनेसोटाच्या रोपांनी काही आठवड्यांत केलेलं ते, दोन्ही एकाच दिशेने जातं.

मग काळजी मिटली? नाही, आणि इथे माझं मत काही सहकाऱ्यांपेक्षा जरा सावध आहे. मिनेसोटातली झाडं ऋतूंच्या मोठ्या चढउतारात वाढलेली असतात. उन्हाळा-हिवाळ्यात त्यांचं तापमान तीस-चाळीस अंशांनी हलतं, जुळवून घेणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. विषुववृत्तालगतच्या झाडाला वर्षभर जवळपास एकच तापमान मिळतं. त्याच्याकडे ही लवचीकता तेवढीच असेल का? पनामात मार्टाइन स्लॉट आणि सहकाऱ्यांनी क्रेनने शेंड्यावर जाऊन, वरची पानं रात्री ३ अंशांनी गरम ठेवून पाहिली. आठवड्याभरातच पानांनी वेग उतरवलेला दिसला. याउलट पोर्तो रिकोतल्या लुक्वियो वनात खालच्या थरातल्या झाडोऱ्याला ४ अंशांनी तापवण्याचा जो प्रयोग २०१६ पासून चालला, त्यात श्वसनाचं जुळवून घेणं फारच थोडं आढळलं. तिथे २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा आणि मारिया ही दोन चक्रीवादळं येऊन सगळा मांडव उधळून गेली, तो भाग वेगळा. उष्णकटिबंधाबद्दल मी वर्गात ८० टक्क्यांचा आकडा सांगणार नाही. तो मिनेसोटाचा आकडा आहे, तिथेच राहू द्यावा.

रात्रींबद्दल वेगळं सांगायला हवं. रात्री झाडाची कमाई शून्य असते, खर्च चालूच. त्यामुळे दिवस तापण्यापेक्षा रात्र तापणं झाडाच्या ताळेबंदाला वेगळ्या रीतीने लागतं. कोस्टारिकातल्या ला सेल्व्हा वर्षावनात डेबोरा आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८४ ते २००० या काळात मोठ्या झाडांचे घेर दरवर्षी मोजले. ज्या वर्षी रात्रीचं किमान तापमान जास्त, त्या वर्षी झाडांची जाडी कमी वाढली. भातावरचं असंच काम जास्त प्रसिद्ध आहे: फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतात १९९२ ते २००३ च्या पिकाच्या नोंदींवरून कोरड्या हंगामात किमान तापमानाच्या दर अंशामागे उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. दोन्ही ठिकाणी रात्रीचं श्वसन हा संशयित आहे, पण एकटा नाही. गरम रात्रींच्या वर्षी ढग, ऊन, हवेचा कोरडेपणा हेही बदललेलं असतं, आणि पीक लवकर पक्व होतं तेही आहेच. कोकणातले बागायतदार लगेच हापूसच्या मोहराचं उदाहरण देतात. मोहोर धरायला थंड रात्री लागतात हे खरं, पण ते फूल धरण्याच्या संकेताचं प्रकरण आहे, ते श्वसनाच्या खात्यात टाकू नये.

आता पुन्हा त्या मघाच्या वाक्याकडे: आधी कमाई बंद पडते. माझ्या मते मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. सगळे श्वसन किती वाढेल याची चिंता करतात आणि धोका दुसऱ्या बाजूने येतो. मिनेसोटाच्याच तुकड्यांत प्रकाशसंश्लेषण मोजलं, तर ओल्या जमिनीत उष्णतेने ते वाढलं आणि कोरड्या जमिनीत घटलं. आणि तिथल्या उन्हाळ्यातले बरेच दिवस जमीन कोरडीकडे झुकलेली होती. मुळांना पाणी कमी, हवा जास्त कोरडी, पान पर्णरंध्रं मिटून घेतं, कार्बन आत येणंच थांबतं. त्यात गरमीत प्रकाशश्वसन वाढतं, म्हणजे कार्बन पकडणारं विकर चुकून प्राणवायू पकडतं आणि पकडलेला थोडा कार्बन परत सुटतो. ही प्रक्रिया आपण बोलतो त्या श्वसनापेक्षा पूर्ण वेगळी, दोन्हींची सरमिसळ परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत कायम दिसते.

ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ रिचमंड इथे उभ्या झाडांभोवती काचेसारखे उंच कप्पे बांधून हाच हिशेब अख्ख्या झाडावर केला गेला. निलगिरीच्या एका जातीला ३ अंश जास्त उष्णतेत वाढवलं, तेव्हा पानांचं श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण दोन्ही नव्या तापमानाला जुळले. दुसऱ्या एका जातीच्या झाडांची जमीन महिनाभर कोरडी पडू दिली आणि मग चार दिवस ४३ अंशांपलीकडची लाट दिली, तेव्हा प्रकाशसंश्लेषण जवळपास शून्यावर आलं, पण पानांतून पाणी उडत राहिलं. झाडाने कमाई सोडली आणि उरलेल्या पाण्यावर अंग थंड ठेवलं. पाणी होतं म्हणून जमलं. सरासरी तापमान हळूहळू चढणं झाड सोसतं. लाट आणि कोरड एकत्र आली की मोडतं.

आपल्याकडच्या पानझडी रानाने यावर जुनीच तोड काढलेली आहे. साग, पळस, सालई, मोई ही झाडं कोरड्या महिन्यांत पानंच टाकून देतात. पान नाही तर पानाचं श्वसन नाही. खोड आणि मुळं तेवढी साठ्यातली साखर जाळत राहतात, आणि गरम उन्हाळ्यात तो खर्च वाढतो. पण गंमत पुढे आहे. कुसुम, करंज, पिंपळ अशी कित्येक झाडं नवी पालवी पावसाची वाट न बघता ऐन फाल्गुन-चैत्रात काढतात. कोवळ्या पानाचं श्वसन जुन्या पानापेक्षा कितीतरी जास्त असतं, कारण तिथे डागडुजीबरोबर बांधकामही चालू असतं, आणि कुसुमाच्या लालभडक पालवीत तर हरितद्रव्य अजून भरायचं असतं. म्हणजे वर्षातला सर्वांत खर्चीक काळ ही झाडं सर्वांत तापलेल्या महिन्यांवर ओढून घेतात. पावसाचा पहिला थेंब पडायच्या आत पान कमावतं झालेलं असतं, हा त्यातला फायदा. उन्हाळी रात्री आणखी तापल्या तर या व्यवहारात नफा किती उरेल, हा सह्याद्री आणि विदर्भातल्या रानांचा खास आपला प्रश्न आहे. मिनेसोटाची मेपल त्याचं उत्तर देऊ शकत नाही. आपल्या विद्यापीठांतल्या कुणी तरुणाने विषय मागितला, तर मी हाच देतो.

झाडं लावायची का? लावायची. श्वसन वाढेल म्हणून झाडं लावू नयेत, हा तर्क टिकत नाही, कारण श्वसनातून सुटणारा कार्बन त्याच झाडाने आधी हवेतून घेतलेला असतो. जिवंत, वाढणारं झाड कमाईपेक्षा जास्त खर्च करून फार काळ जगूच शकत नाही. प्रश्न उरतो तो शिल्लक किती राहते याचा, आणि शिल्लक ठरवण्यात आपल्या हवामानात पाणी श्वसनापेक्षा मोठं आहे. म्हणून मुरमाड डोंगरावर उन्हाळ्यात करपणारी दाट लागवड करून आकडे जाहीर करण्यापेक्षा, त्या जागेला सोसतील अशी झाडं, विरळ, आच्छादन आणि दोन-तीन उन्हाळ्यांचं पाणी देऊन जगवलेली बरी. आणि झाडं कितीही लावली तरी ती कोळशाच्या धुराची भरपाई करतील, असं मुलांना सांगू नका. वरचे आकडे फळ्यावर लिहा, नववीची मुलं तेवढा गुणाकार करतात.

राहिला प्रयोग. चुन्याची निवळी दुधाळ होणं हा नेहमीचा प्रयोग इथे उपयोगाचा नाही, कारण थंड-गरम दोन्ही बाटल्यांतली निवळी दुधाळ होते आणि फरक दिसत नाही. त्याऐवजी असं करा. अर्धा लिटरच्या दोन काचेच्या बाटल्या घ्या, सलाइनच्या बाटलीसारखं रबरी बूच बसणाऱ्या. एकाच जास्वंदीची किंवा करंजाची पूर्ण वाढलेली, धडधाकट पानं प्रत्येकीत २० ग्रॅम भरा, सोबत ओल्या कापसाचा बोळा. बाटल्या काळ्या कागदात गुंडाळा. एक बाटली बर्फाचे तुकडे टाकून २० अंशांवर धरलेल्या पाण्याच्या घमेल्यात, दुसरी ३५ अंशांच्या कोमट पाण्यात. अर्धा तास बुचं सैल ठेवा, म्हणजे पानं त्या तापमानाला येतील. मग बाटल्यांतली हवा पुठ्ठ्याने वारून बदला, बुचं घट्ट लावा आणि तासभर थांबा. तिसरी बाटली पानांशिवाय ठेवायला विसरू नका.

मग ६० मिलिलिटरच्या सिरिंजने, बुचातून सुई घालून, प्रत्येक बाटलीतली ५० मिलिलिटर हवा ओढा. चुन्याची निवळी चौपट पातळ करून त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाका, ती गुलाबी होईल. ही निवळी त्याच सिरिंजमध्ये अर्धा-अर्धा मिलिलिटर ओढत जा आणि दर वेळी तोंड बंद करून अर्धा मिनिट जोरात हलवा. गुलाबी रंग उडेल. ज्या क्षणी तो उडायचा थांबेल, तोवर किती निवळी लागली ते लिहा. निवळी जास्त लागली म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त. गरम बाटलीला थंड बाटलीच्या दुप्पट ते तिप्पट निवळी लागायला हवी, आणि रिकाम्या बाटलीला अगदी थोडी. नाही लागली तर आधी बूच तपासा, मग पानं: तोडून तास-दोन तास झालेली पानं चालतात, कालची चालत नाहीत. चुन्याची निवळी डोळ्यांत जाऊ नये एवढी काळजी घ्या.

हा प्रयोग दाखवतो ती तासाभराची गोष्ट, म्हणजे मुलाने मांडलेला नियमच. झाडाचं जुळवून घेणं दाखवायला एकाच रोपाच्या दोन कलमांपैकी एक महिनाभर गरम जागी वाढवावं लागेल, त्याची नवी पानं उमलू द्यावी लागतील, आणि मग दोन्हींची पानं एकाच तापमानाला मोजावी लागतील. उजेड आणि पाणी दोन्हीकडे सारखं ठेवणं शाळेत अवघड जातं, आणि अपेक्षित फरक या सिरिंजच्या चुकीएवढाच असतो. तेवढा भाग मिनेसोटाच्या २३ आणि ५ या दोन आकड्यांवरूनच समजावून द्या.